अक्काच्या वाटीतली साखर

बेल्लमपल्लीला आमच्या क्वार्टरमध्ये गॅस नव्हता. विजेची शेगडी होती. मातीच्या जाड ताटलीत नागमोडी खाच, खाचेत तारेचं वेटोळं आणि त्यावर कुकर. खाणीच्या कॉलनीत करंटचं बिल येत नसे, त्यामुळे ओळीतल्या सगळ्याच बायका अशा शेगडीवर रांधायच्या. माझी मुलगी लहानपणी त्याला ‘करंटचा कुकर’ म्हणायची, आणि पुढे आम्ही सगळेच तसं म्हणायला लागलो.

अडचण एवढीच होती, की साऱ्या ओळीने एकदम शेगड्या लावल्या की करंट बसायचा. तार लालसुद्धा होत नसे. मग बायकांनी मिळून एक पाळी ठरवली. विषम नंबरच्या घरांनी आठ ते नऊ शेगडी लावायची, सम नंबरांनी नऊ ते दहा. आमचं घर सोळा नंबर, शेजारचं सतरा. मधली भिंत एकच विटेची. सतरा नंबरच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, की मी उठून माझा कुकर चढवायची. मला घड्याळ पाहावंच लागत नसे.

सतरा नंबरमध्ये अक्का राहायची. तेलुगू घरातली, पण आदिलाबादच्या बाजारात लहानाची मोठी झालेली, म्हणून मराठी आमच्यासारखंच बोलायची. मी तिला अक्का म्हणायची आणि ती मला वदिना, म्हणजे वहिनी. चार वर्षं आमचा दुपारचा चहा एकत्र झाला. कधी तिच्या ओट्यावर, कधी माझ्या.

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, ‘हे’ म्हणतात. मीही इथे तेच म्हणते. हे खाणीच्या लॅम्परूममध्ये होते. खाली उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला डोक्यावरचा दिवा द्यायचा आणि तो वर आला की परत घ्यायचा, हे त्यांचं काम. खुंटीवर दिवा परत आला म्हणजे माणूस वर आला. एखादी खुंटी रिकामी राहिली तर हे पाळी संपली तरी घरी येत नसत. असा सगळ्यांची मोजदाद ठेवणारा माणूस, आणि त्याला स्वतःच्या अंगात काय चाललंय ते दोन वर्षं कळलं नाही. पाणी पिऊन पिऊन माठ रिकामा करायचे. शर्ट सैल झाले. शेवटी दवाखान्यात तपासलं तेव्हा साखर निघाली, आणि चांगली घट्ट मुरलेली निघाली. गोळ्यांवर भागलं नाही. रोज सकाळी सुई सुरू झाली.

सुई मीच द्यायची. काचेची पिचकारी उकळून घ्यायची, औषधाची बाटली ओल्या मडक्यात ठेवायची, कारण फ्रीज कुणाच्याच घरी नव्हता. साडेनऊला सुई, दहाला जेवण. डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, ‘सुई दिल्यावर अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे.’ ह्यांनी त्यासाठी दुपारची पाळी कायमची मागून घेतली. डॉक्टर आणखीही काही म्हणाले होते. घाम सुटला, थरथर झाली तर लगेच साखर द्या. ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. ज्या साखरेने माणूस आजारी पडला, तीच द्या म्हणतात म्हणजे डॉक्टरांची जीभ घसरली असणार, असं मला वाटलं. मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजत होते.

पहिल्या आठवड्यात मी ह्यांचं ताट वेगळं वाढलं. आम्हा मायलेकींना भात, ह्यांना ज्वारी. ह्यांनी ताटाकडे पाहिलं आणि म्हणाले, “मले काऊन वेगळं वाढून राह्यली? वाळीत टाकलं का मले?”

हसतच म्हणाले, पण जेवले नाहीत. त्या दिवशी मी ठरवलं, या घरात कुणी एकटं वेगळं जेवणार नाही. साखर एकाला झाली ना, मग पथ्य सगळ्यांना.

मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथकडच्या ज्वारीच्या गावातली. लग्न होऊन आले तेव्हा सासरी भाताचं कौतुक होतं. नोकरदारांच्या घरी भात, शेतकऱ्यांच्या घरी भाकर, असा तिथला हिशेब. दहा वर्षं मी गपगुमान भात रांधला. आता डॉक्टरांनीच ज्वारीला मान दिला म्हटल्यावर मला मनातून थोडा आनंदही झाला, हे कबूल करते. कुकरमध्ये तीन डबे बसायचे. खालच्या डब्यात ज्वारीच्या कण्या, रात्रभर भिजवलेल्या, नाहीतर त्या शिजता शिजत नाहीत. मधल्या डब्यात मूठभर मेथीदाणे टाकलेली तुरीची डाळ. वरच्यात अंबाडी नाहीतर दोडका. कण्यांना पाच शिट्ट्या लागायच्या. उतरवल्यावर त्यावर ताक आणि लसणाची चटणी. हे मुकाट्याने जेवायचे. मुलगी नाक मुरडायची, पण तिघांचं ताट सारखं होतं, आणि मला त्याचा मोठा अभिमान होता.

पण माझा स्वभाव असा, की एकदा धरलं की सुटत नाही. मी घरातली साखर काढली, गूळ काढला. डबे घासून त्यात मसूर आणि मूग भरले. मुलीच्या दप्तरातल्या लिमलेटच्या गोळ्यासुद्धा शोधून काढल्या. ह्यांच्या खिशात एकदा पेढ्याचा कागद सापडला, तर मी दोन दिवस बोलले नाही. लघवी तपासायचं निळं औषध शीशीत गरम करायचे, ते हिरवं झालं तर मी ह्यांच्याशी बरी वागायची आणि विटकरी झालं तर भांडी आपटायची. बिचारा माणूस रंग बघण्याआधी माझ्या तोंडाकडे बघायचा.

चहा बिनसाखरेचा झाला. मग अक्काकडचा दुपारचा चहा नकोसा वाटायला लागला, कारण तिचा चहा म्हणजे पाकच. तिने एकदा माझ्यासाठी बिनसाखरेचा केला, पण तो हातात देताना सहज म्हणाली, “तुमाले कुठं साखर हाय वदिना? तुमी काऊन कडू पिता?” मला ते लागलं. माझ्या घरातलं दुखणं हिला खेळ वाटतो, असं मी मनात घेतलं. मी जाणं कमी केलं. हळदीकुंकवाला गेले तरी साखरफुटाणे घेईना. बारशाला गेले तर पेढ्याच्या ताटाला हात लावेना. दोन-तीनदा असं झालं की लोक बोलवणं सोडतात. त्यात त्यांचा दोष काय? ह्यांना कुणी वाळीत टाकू नये म्हणून मी धडपडले आणि स्वतःच वाळीत जाऊन बसले.

मग मुलगी गेली. सातवी झाल्यावर तिला मराठी शाळेसाठी आदिलाबादला माझ्या भावाकडे ठेवलं. पहिल्याच पत्रात तिने लिहिलं, ‘मामी रोज भात करते आणि रविवारी शिरा.’ बाकी काही नव्हतं, आई-बाबा कसे आहेत एवढंसुद्धा नव्हतं. मी ते पत्र ह्यांना वाचून दाखवलं नाही, नुसतं म्हटलं, बरी आहे ती.

दुपारी दोनला हे पाळीवर जायचे. त्यानंतर घरात मी आणि ती शेगडी. भिंतीपलीकडे अक्काकडे बायका जमायच्या, कपबश्या वाजायच्या, हसणं ऐकू यायचं. मी कण्यांची ज्वारी निवडत बसायची. निवडून झालेलीच पुन्हा निवडायची. भोंगा वाजला की तेवढ्यापुरतं वाटायचं, कुणीतरी हाक मारली. खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटायचं. आणि त्यात माझाच हट्ट आहे हे कळत असल्यामुळे रडायचीही सोय नव्हती.

संक्रांतीला अक्काने अरिसेलू पाठवले, म्हणजे तांदूळ-गुळाचे अनारशासारखे तळलेले वडे. स्टीलची खोलगट वाटी, काठावर तेलुगू अक्षरं ठोकलेली. माहेरचं नाव असणार, मला वाचता येत नव्हतं. पाठवलेलं ठेवून घ्यावं, ह्यांना दिसू देऊ नये, नाहीतर कुणाला तरी द्यावं. मी काय केलं, तर मागच्या गल्लीत शेळी बांधलेली असायची, तिच्यापुढे टाकले. मागच्या दारात अक्का कपडे वाळत घालत उभी होती. तिने पाहिलं.

वाटी परत द्यायला मी त्याच दुपारी गेले. आमच्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर घालून देतात. माझ्या घरात साखर नव्हती. तांदूळ होते, ज्वारी होती, परसातली दोन लिंबं होती. पण अंगात आलं होतं ना माझ्या. मी रिकामी वाटी पुढे केली.

अक्का वाटीत बघत राहिली. “खालीच देऊन राह्यली का वदिना?”

“आमच्या घरी साखर नसते,” मी म्हटलं. “आमच्या घरी आजार हाय.”

तिने वाटी घेतली आणि दार लावलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. मी तिच्या शिट्ट्या मोजायची, ती माझ्या मोजत असेल, बाकी काही नाही.

दोन महिन्यांनी पाडवा आला. अक्काकडचा उगादी, म्हणजे तेलुगू नवं वर्ष, तोही त्याच दिवशी. मी गुढी उभारली. काठीला साडी, वर तांब्या, कडुलिंबाचा डहाळा, झेंडूची माळ. साखरेची गाठी मात्र आणली नाही. बोथला असताना माझा बाप गाठी विसरला तर आम्ही पोरं दारातून हलत नसू. ह्यांनी गुढीकडे पाहिलं आणि म्हणाले, “गाठी नाई?” मी म्हटलं, “तुमच्यासाठीच नाई.” त्यांनी अंघोळ करून कडुलिंबाची पानं तेवढी चावली, तीही गुळाशिवाय.

साडेनऊला मी सुई दिली. कुकर नऊलाच चढवला होता. सणाच्या दिवशी पाळी कोण पाळतं? सम काय आणि विषम काय, प्रत्येक घरात पुरण शिजत होतं. माझी शेगडी नुसती कोमट. तारेला लाली नाही. झाकणावर हात ठेवला तर ठेवता येत होता. मला वाटलं, येईल आता करंट. दहा वाजले. सव्वादहा. मी स्विच चालू-बंद करत बसले. आदल्या दिवशीचं काही उरलेलं नव्हतं, कारण मी ताजंच खाऊ घालायची, त्याचाही मला अभिमान होता.

हे बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होते. मी बिनसाखरेचा चहा घेऊन गेले तर चेहरा घामाने थबथबलेला. हात थरथरत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “छत्तीस नंबरचा दिवा आला का?”

“कोणता दिवा?”

“छत्तीस नंबरची खुंटी खाली हाय. कोण राह्यलं खाली?”

मला वाटलं, साखर वाढली. दुसरं काही सुचलंच नाही. माझ्या डोक्यात साखर फक्त वाढत होती. सकाळपासून कारल्याचा रस काढून ठेवला होता, तो पेला मी त्यांच्या तोंडाला लावला. त्यांनी हाताने झटकला, पेला भिंतीवर गेला. कधी आवाज न चढवणारा माणूस मला ओरडून म्हणाला, “दिवा मोज!” आणि मान एका बाजूला गेली.

तेव्हा मला डॉक्टर आठवले. घाम, थरथर, साखर द्या. मी स्वयंपाकघरात धावले. मसूर. मूग. मेथी. मीठ. प्रत्येक डबा मीच घासून पुसून भरलेला. पाडव्याच्या दिवशी बेल्लमपल्लीतल्या गरिबातल्या गरीब घरातही गुळाचा खडा होता, फक्त माझं घर स्वच्छ होतं. मी तो कोमट कुकर ढकलून दिला, कण्यांचं पाणी जमिनीवर पसरलं, आणि मी अनवाणी बाहेर पळाले.

सतरा नंबरचं दार उघडंच होतं. अक्का खाली बसून उगादीची चटणी कालवत होती. दोन महिन्यांनी मी तिच्या उंबऱ्यात उभी होते आणि माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, “साखर.”

तिने का म्हणून विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलं, उठली, हाताला लागली ती वाटी डब्यात बुडवली आणि माझ्याआधी माझ्या घरात शिरली. पेल्यात साखर ढवळली, ह्यांचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाली, “भाऊ, तोंड उघडा. प्या. गिळा.” पहिला घोट ओघळला. दुसरा गेला. मी पाय धरून बसले होते, ते गार पडले होते. सगळा पेला जायला किती वेळ लागला कोण जाणे. तोवर करंट चढला असावा, भिंतीपलीकडे तिचा कुकर शिट्ट्या देत होता, तिने लक्ष दिलं नाही.

मग ह्यांनी डोळे नीट उघडले. आधी अक्काकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “गोड काय दिलं?” आवाजात चोरी पकडल्यासारखी भीती होती. मला ती भीती अजून ऐकू येते. मरता मरता वाचलेला माणूस बायकोला घाबरत होता.

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. अक्काने विचारलं, “एक खडाबी नाई घरात?” मी मान हलवली. ती घरी जाऊन पातेलंभर भात आणि डाळ घेऊन आली, ह्यांना जेवायला घातलं. भात होता, तरी मी तोंड उघडलं नाही.

साखरेची वाटी आमच्याकडेच राहिली होती. पाहिलं तर तीच, तेलुगू अक्षरांची. मी ती पंधरा दिवस परत केली नाही, कारण काय तोंडाने जाणार? शेवटी दुकानातून साखर आणली, काठोकाठ भरली आणि गेले. माफी वगैरे मला मागता येत नाही. मी वाटी पुढे केली आणि म्हटलं, “खाली नाई आणली.”

अक्का हसली. वाटी तिने घेतलीच नाही, वर ताटली झाकून माझ्याच हातात परत दाबली. “तुमच्याच घरी ठेवा. भाऊसाठी. संपली तर भरा, पण खाली ठेवू नका.”

ती वाटी आमच्या फळीवर गेली, पिचकारीच्या डब्याशेजारी. हे पाळीवर जाताना त्यातली थोडी कागदाच्या पुडीत बांधून मी त्यांच्या खिशात घालू लागले. पुढच्या सगळ्या वर्षांत ती पुडी दोनदा उपयोगी पडली. अक्काकडचा चहा पुन्हा सुरू झाला, मी बिनसाखरेचा, ती पाक. पण ते सुख जेमतेम वर्षभराचं. तिच्या नवऱ्याची बदली दुसऱ्या खाणीवर झाली आणि ट्रकमध्ये सामान भरताना ती वाटी मागायला विसरली, की मुद्दाम मागितली नाही, मला माहीत नाही. मी पत्ता घ्यायची विसरले. पुढे सतरा नंबरमध्ये माणसं येत-जात राहिली. मी कुणाच्या शिट्ट्या मोजल्या नाहीत.

हे गेले ते साखरेने नाही, छातीच्या दुखण्याने गेले. लॅम्परूममध्येच, बाकावर बसल्या बसल्या. खिशात माझी पुडी जशीच्या तशी होती. मुलगी तोवर लग्न होऊन नागपूरला होती. ती आली, तेरा दिवस राहिली, रोज भात केला आणि गेली. जायच्या दिवशी तिने मला चहा करून दिला त्यात साखर होती. मी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. मला साखरेचा आजार नाही, कधीच नव्हता. पण गोड चहा आता माझ्या घशाखाली उतरत नाही. ती म्हणाली, “आई, आता कुणासाठी?”

क्वार्टर सोडायला तीन महिने मिळाले होते. त्या तीन महिन्यांत मी एका डब्यात कण्या, एका डब्यात डाळ आणि एका डब्यात भाजी असा तीन डब्यांचाच कुकर लावायची. एका डब्यात मावेल एवढंच लागायचं, पण एकच डबा टाकला की तो आत खडखडायचा, ते ऐकवत नसे. घरात कुणी एकटं वेगळं जेवणार नाही, असं मी ठरवलं होतं. आता मी एकटीच होते, तेव्हा वेगळं काय आणि सारखं काय.

शेवटच्या दिवशी सामान बांधून झालं होतं. सतरा नंबरमध्ये नुकतीच लग्न होऊन आलेली एक पोर राहायची. माझी तिची नीट ओळखही नव्हती. तिने ताटलीत तीन पोळ्या आणि भाजी आणली. म्हणाली, “मावशी, प्रवासात खा.” पोळ्या मी फडक्यात बांधून घेतल्या. ताटली रिकामी झाली आणि माझे हात थांबले. घरात काही उरलं नव्हतं. डबे पोत्यात गेले होते, शेगडीची तार थंड होती. फळीवर फक्त अक्काची वाटी राहिली होती, आधी उचलायची ती शेवटी राहिली होती.

आतली साखर ओल धरून घट्ट झाली होती. मी ती चमच्याने फोडली आणि सगळी त्या ताटलीत घातली. पोर म्हणाली, “मावशी, एवढी कशाला?” मी म्हटलं, “असू दे. घरात ठेव.”

ती गेली. मग मी वाटी पदराने पुसून पिशवीत ठेवली आणि आदिलाबादच्या बसला बसले. अकरा वर्षं ती भरलेली होती. आता ती रिकामी होती, आणि जिची होती तिचा पत्ता माझ्याकडे नव्हता, आणि ज्याच्यासाठी भरायची तो माणूसही नव्हता.